उघड्या पायाला गोड नाही

एका गावात एक भोळा घोडेवाला होता. घोडेवाला तो नंतर झाला, भोळा आधीपासून होता. नाव त्याचं गोंदा. त्याला एखादी गोष्ट सांगितली की तो ती करायचा. यात वाईट काही नाही. सांगितलेलं कुणी करत नाही म्हणून तर जगाचं अडतं. पण गोंदाचं असं होतं, की सांगितलेलं तो विसरायचा नाही, आणि कुठं थांबायचं ते त्याला कुणी सांगायचं नाही.

लक्षात ठेवायची त्याची एक रीत होती. कुणा शहाण्यानं काही सांगितलं की तो खांद्यावरच्या उपरण्याला एक गाठ मारायचा. गाठी मारून मारून उपरणं आखडलं होतं. त्याची बायको हौसा म्हणायची, "अवं, एखादी गाठ सोडा की."

गोंदा म्हणायचा, "कुठली सोडू? सगळ्या कामाच्या हायेत."

गोंदाला एक मामा होते, दौलतमामा, पलीकडच्या गावचे. त्यांच्याकडं वरातीची एक पांढरी घोडी होती, पाखरी नावाची. नवरदेवांना पाठीवर घेऊन डांबरी सडकेवर नाचून नाचून पाखरीचे खूर फुटले होते. नाल ठोकायला खिळा मारावा तर खुराचा ढलपाच निघायचा. तेव्हा लग्नसराई संपल्यावर मामा तिला घेऊन गोंदाच्या दारात आले, आणि म्हणाले, "गोंदा, माझ्यानं आता हिचं होत नाही. तुमच्या गावात लतीफचाचा नालबंद आहेत, त्यांच्या सल्ल्यानं हिला ठेव. दसऱ्याला मी येतो. दसऱ्याला ही माझ्यासमोर गावापासून शिवेपर्यंत खडीवरनं न लंगडता गेली, तर घोडी तुझी. लंगडली, तर मी तिथनंच तिला बाजारात नेऊन विकीन. मग कुणी का घेईना."

गोंदानं पाखरीकडं बघितलं. पाखरीनं मान पुढं करून त्याच्या कानात फुंकर मारली. गोंदाला तोवर कुणी इतक्या मायेनं कानात काही सांगितलं नव्हतं. ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही, पण पटलं.

तो घोडीला घेऊन लतीफचाचांकडं गेला. चाचा बाजारतळावर बाभळीखाली बसायचे. म्हातारा माणूस, हातात कायम कानस. त्यांनी पाखरीचा एकेक पाय मांडीवर घेतला, चारी नाल उपटून काढले, खूर तासले आणि म्हणाले, "बेटा, आता दसऱ्यापर्यंत हिला नाल नाही. पाय उघडा ठेवायचा. नवा खूर वरनं खाली येईल, पण तो पोटातनं येतो, हे ध्यानात धर. खाणं सांभाळलंस तर पाय होईल. गूळ बंद. हरभरे बंद. हिरवा लुसलुशीत चारा बंद. सुका कडबा घाल, सुकं गवत घाल, तेही पाण्यात भिजवून, निथळून. नाल होता तोवर खपलं. आता उघड्या पायाला गोड नाही. गोड खाल्लं की त्याची आग पायात उतरते, आणि जनावर जे बसतं ते उठत नाही."

"उघड्या पायाला गोड नाही," गोंदा म्हणाला.

"शाबास."

गोंदानं गाठ मारली.

घरी आला तर हौसानं चहा केला होता. गोंदानं कप हातात घेतला, मग खाली आपल्या पायांकडं बघितलं. पायात काही नव्हतं. जन्मात कधी नव्हतं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हौसा, बिनसाखरेचा कर. मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं."

हौसाला वाटलं, जाऊ दे, साखर तरी वाचली.

पुढं श्रावणात शेजारच्या सोपानकाकांच्या घरी सत्यनारायण होता. काकांचा गोंदावर जीव. त्यांनी त्याला बोलावलं आणि तुपानं निथळणाऱ्या शिऱ्याचं पातेलं त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "कथा झाली की सगळ्यांना प्रसाद वाट. कुणाला चुकवू नको."

कथा झाली. लोक ओळीनं बसले. गोंदा पातेलं घेऊन पहिल्या माणसापुढं उभा राहिला. ते भटजीबुवा होते. बुवांनी हात पुढं केला. गोंदानं बुवांच्या पायांकडं बघितलं.

"बुवा, वहाणा कुठायत?"

"बाहेर. पूजेला वहाणा घालून बसतात का?"

"मग तुम्हाला देता येत नाही," गोंदा म्हणाला. "आग पायात उतरंल. तुम्ही दमानं घ्या, तुमच्यासाठी सुकी भाकर भिजत घातलीय."

तो पुढं सरकला. पुढचा माणूस अनवाणी. त्याच्या पुढचा अनवाणी. बायकांच्या ओळीत गेला, तिथंही तेच. सोपानकाकांच्या सगळ्या पाहुण्यांत पायात काही असलेला माणूस सापडेना. गोंदाला वाईट वाटलं. इतका चांगला शिरा, आणि खाण्याजोगा माणूस नाही. एवढ्यात कालव्यावरचे मुकादम चिखलातनं आले आणि पायात गुडघाभर गमबूट म्हणून दारातच उभे राहिले. गोंदाला हायसं वाटलं. त्यानं त्यांना एक द्रोण दिला. मग दुसरा दिला. मुकादम म्हणाले, "पुरे." गोंदा म्हणाला, "असं कसं? गावात तुम्ही एकटेच." आणि पातेलंच त्यांच्या हातात दिलं.

आत गलका झाला. प्रसाद चुकला म्हणजे साधी गोष्ट नाही. अर्धी माणसं उठून बाहेर धावली आणि प्रसादासाठी वहाणा घालून देवापुढं येऊन बसली. ते बघून भटजीबुवा उठून गेले. सोपानकाका डोक्याला हात लावून पाटावर बसले ते बसलेच.

गोंदा चाचांकडं गेला. झालेलं सगळं सांगितलं. चाचांनी कानस खाली ठेवली.

"अरे, ते घोडीचं होतं. माणसांचं नव्हे. बरं, घोडीचं तरी कसं चाललंय?"

"त्याच दिवसापासनं सगळं बंद केलं. कडबा दिला, तर दोन काड्या चघळती, मग बघतच नाही त्याच्याकडं."

"कशी बघेल? पोटाला सवय नको का? असं एका दिवसात फिरवायचं नसतं बेटा. काहीही नवं द्यायचं तर एकदम द्यायचं नाही. आज मूठभर. मग थांबायचं. बाधत नाही असं दिसलं, की उद्या आणखी मूठभर."

"एकदम नाही. मूठभर. मग थांबायचं," गोंदा म्हणाला, आणि गाठ मारली.

या खेपेला पाखरीच्या बाबतीत त्याचं काही चुकलं नाही. तो तोबऱ्यात मूठभर भिजला कडबा टाकायचा, समोर उकिडवा बसायचा आणि तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. पाखरी त्याच्याकडं बघत चघळायची. हळूहळू तिला कडबा गोड लागायला लागला. पुढं पुढं ती त्याचं उपरणंही चघळायची, पण गाठी होत्या म्हणून ते तुटत नसे.

एक दिवस सोपानकाकांच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि त्यांच्या गोठ्याच्या कुडाला लागली. कूड म्हणजे तुराट्यांचा, आतनं वाळलेला. काका ओरडत बाहेर आले. गोंदा नेमका आडावरनं येत होता, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या.

"गोंदा, पाणी टाक, पाणी टाक," काका म्हणाले.

गोंदानं बादल्या खाली ठेवल्या. बादलीत हात घातला, मूठभर पाणी घेतलं आणि आगीवर शिंपडलं. मग थांबला.

"अरे टाक की."

"टाकलं की काका."

"आणखी टाक."

"सवय होऊ द्या," गोंदा म्हणाला. "एकदम दिलं तर बाधंल तिला."

आगीला काही बाधलं नाही. ती चांगली वर आली. गोंदानं ते बघितलं, त्याची खात्री पटली, आणि त्यानं आणखी मूठभर टाकलं. तोवर काकांनी गुरं सोडली, माणसं धावत आली, पण कूड गेला, कुडावर वाळत घातलेलं काकांचं नवं धोतरही गेलं. काका राखेकडं बघत राहिले. 

"काका," गोंदा म्हणाला, "दुसरी बादली तशीच राहिलीय. उद्या कामाला येईल."

तो चाचांकडं गेला. चाचांनी ऐकून घेतलं.

"अरे, ते खाण्याचं होतं. आगीला का मूठभर पाणी घालतात? तापलेलं दिसलं की विचार करायचा नाही, सगळी बादली ओतायची. ऐक, पाखरीच्या खुरालाही रोज हात लावून बघत जा. खूर गार पाहिजे. तापलेला लागला, तर समज तिनं कुठंतरी हिरवं खाल्लं. लगेच ओढ्यात उभी कर."

"हात लावायचा. तापलेलं लागलं की सगळी बादली," गोंदा म्हणाला, आणि गाठ मारली.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी पाखरीचा एकेक खूर हातात धरायचा, जशी वैद्यानं नाडी धरावी. खूर गारच असायचे. गोंदाची बादली भरलेली तशीच राहायची.

मग पोळा आला. गावातले बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून वेशीपाशी उभे केले. सगळ्यांत पुढं सोपानकाकांची जोडी. या वर्षी मानाचा बैल त्यांचा होता. शिरा गेला, कूड गेला, धोतर गेलं, पण मान तरी आला, म्हणून काका उसन्या धोतरात उभे होते. आता हलगी कडाडली की बैल निघायचे. बापू हलगीवाले आणि त्यांचे भाऊबंद एका बाजूला पालापाचोळ्याचा जाळ करून त्यावर हलग्या शेकत बसले होते. पावसाळी हवेत हलगीचं चामडं सैल पडतं, ते शेकून ताणून घ्यावं लागतं.

गोंदा जवळ गेला. त्यानं एका हलगीला हात लावला. मग दुसरीला लावला.

"बापू, तापल्यात की."

"मग? चांगल्या तापल्यात," बापू म्हणाले.

"कवापासनं?"

"झाला असंल अर्धा घंटा."

"आणि तुम्ही नुसतं बघत बसलाय," गोंदा म्हणाला.

तो पळत गेला, दोन भरलेल्या बादल्या घेऊन आला, आणि त्यानं विचार केला नाही. एक बादली हलग्यांवर ओतली. दुसरी जाळावर ओतली. थोडं उरलं ते बापूंच्या हातांवर ओतलं, कारण तेही गरम होते.

बापूंनी हलगीवर काडी मारली. भिजलेल्या पापडावर मारावी तसा आवाज आला. बैलांनी कान हलवले, पण पाय उचलला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते हलगीवर चालत आलेले. शेवटी काही उपाय चालेना, तेव्हा सोपानकाकांनी तोंडानंच हलगी वाजवायला सुरुवात केली. मानाच्या बैलापुढं उलटं चालत, उसनं धोतर सावरत, काका सगळ्या गावातनं तोंडानं "ढडांग टक, ढडांग टक" करत गेले. मारुतीच्या देवळापाशी त्यांचा घसा बसला, तेव्हा बैलही थांबले.

गोंदा चाचांकडं गेला. चाचांनी त्याला लांबनंच येताना बघितलं आणि हातातलं काम संपवून ठेवलं.

"अरे गोंदा," ते सगळं ऐकून म्हणाले, "ज्याचं काम त्याला कळतं. कुणी आपलं काम करत असलं, तर मध्ये हात घालायचा नाही. बाजूला उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, चालू द्या तुमचं. कळलं?"

"बाजूला उभं राहायचं. हात जोडायचे. चालू द्या तुमचं."

गाठ मारायला आता उपरण्याचं टोकच उरलं होतं. गोंदानं टोकाला गाठ मारली.

दसरा जवळ आला. पाखरीचा नवा खूर निम्म्याच्या खाली उतरला होता, काळा, चकचकीत, भेग नसलेला. गोंदा तिला आधी ओढ्याच्या वाळूतनं फिरवायचा, मग पायवाटेनं, मग थोडं खडीवर. ती पाय टाकताना अजून जरा जपून टाकायची. घराशेजारी कडब्याची छोटी गंजी होती, हौसानं उन्हाळ्यात खळ्यावर राबून मिळवलेली. तेवढी दसऱ्याला पुरली असती.

एका दुपारी हौसा रानात गेलेली असताना घराशेजारी बैलगाडी येऊन थांबली. दोन अनोळखी माणसं उतरली आणि गंजीवरच्या पेंढ्या गाडीत भरायला लागली. गोंदा घरामागनं आला तसे ते दचकले.

"हा कडबा कुणाचा रं?" एकानं विचारलं.

"माझा."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. गोंदानं हात जोडले आणि बाजूला उभा राहिला.

"चालू द्या तुमचं," तो म्हणाला.

दोघं जरा थांबले. मग त्यांनी एक पेंढी उचलून बघितली. गोंदा हात जोडून उभाच. मग त्यांनी जोरात भरायला सुरुवात केली. गाडी शिगोशीग भरली.

"पावणं, बांधायला दोर मिळंल का?" दुसरा म्हणाला.

"खुंटीला हाय. पण तुमचा तुम्ही काढून घ्या. मला मध्ये हात घालायचा नाही."

त्यांनी दोर घेतला, गाडी आवळली आणि निघाले. जाताना पहिला म्हणाला, "पावणं, लई गावं फिरलो, पण तुमच्यासारखा माणूस नाही बघितला."

गोंदाला बरं वाटलं. त्याला कुणी चांगलं फारसं म्हणत नसे.

संध्याकाळी हौसा आली. तिनं गंजीची मोकळी जागा बघितली.  तिनं गोंदाचा हात धरला आणि त्याला सरळ चाचांकडं नेलं.

चाचांनी या वेळी डोळे मिटून ऐकलं. 

"गोंदा, आता काय घालशील तिला?" ते म्हणाले. "पाऊसकाळ सरत आलाय, सगळीकडं हिरवंगार. विकत घ्यायला गावात कुणाकडं सुका कडबा नाही. आणि हिरव्यात साखर असते. इतके महिने सांभाळलंस, आता दसरा तोंडावर असताना हिरवं घातलंस तर ती तुझ्या मामासमोर लंगडणार. आणि मामा शब्दाचा पक्का आहे."

गोंदा खाली बघत उभा होता. पाखरीला कुणीतरी दोर धरून बाजारात नेतंय असं त्याला दिसलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पुढच्या टायमाला काय करू?"

"पुढच्या वेळी डोळे उघडे ठेव. परक्याला गवताची काडी द्यायची नाही. आणि आपलं माणूस असलं, तर मग हात आखडायचा नाही. जे असेल ते देऊन टाकायचं."

"परक्याला काडी नाही. आपल्याला हात आखडायचा नाही."

उपरण्याला जागा नव्हती. गोंदानं धोतराच्या सोग्याला गाठ मारली.

रात्रभर... म्हणजे झोप लागेपर्यंत, गोंदा पडल्या पडल्या विचार करत होता. सुकं गवत. सुकं गवत. असा विचार करत तो वर बघत होता. आणि वर सुकं गवतच होतं. त्यांच्या घराचं छप्पर गवतानं शाकारलेलं, जुनं, खडखडीत, साखरेचा अंश नसलेलं. गोंदा मनात म्हणाला, पाखरी आपली की परकी? आपली. मग झालं.

सकाळपासून तो छपराची एकेक पेंढी ओढायचा, धुऊन, भिजवून, निथळून तोबऱ्यात घालायचा. पाखरी तक्रार करत नव्हती. गोंदानं आधी गोठ्यावरचं छप्पर दिलं. मग पडवीवरचं दिलं. मग तो घरावर आला.

हस्ताचा पाऊस लागला होता. हौसा चुलीपुढं भाकरी थापत होती. एक थेंब परातीत पडला. तिनं परात सरकवली. एक थेंब तव्यावर पडून चरचरला. तिनं वर बघितलं. वर एक बगळा उडत चालला होता.

"अवं," हौसा म्हणाली, "घरात बगळा दिसतोय."

"घरात न्हाई, घराच्या वर हाय," गोंदा वरनंच म्हणाला. "आणि ओरडू नको. तिचे खूर एकदम गार हायेत."

"आणि आपण?"

"आपण पण गारच हाय की."

हौसा जागची उठली, गोठ्यात गेली आणि पाखरीच्या खुरावरनं तिनं हात फिरवला. खूर दगडासारखा लागला. मग ती घरात आली, डोक्यावर घोंगडं घेतलं आणि उरलेल्या भाकरी थापल्या. पुढं काय बोलायचं होतं ते तिनं दसऱ्यापर्यंत ठेवून दिलं.

दसरा उजाडला. दौलतमामा आले. सगळं गाव वेशीत जमलं. लतीफचाचाही बाजारतळ सोडून आले होते. गोंदानं पाखरीला धुऊन आणली होती. शिवेपर्यंतच्या रस्त्यावर पाऊस उघडल्यावर नवी खडी टाकलेली, सुपारीएवढी, टोकदार. मामांनी खडीकडं बघितलं, घोडीच्या पायांकडं बघितलं.

"चालव," ते म्हणाले.

गोंदा दोर धरून निघाला. मागं गाव.  नुसता खुरांचा आवाज येत होता, टक, टक, टक, टक, एकासारखा एक. मामा मान खाली घालून चालत होते, घोडी कुठं पाय चोरते का ते बघत. पाखरीनं पाय चोरला नाही. शीव आली तरी तिनं पाय चोरला नाही. मामांनी तिथं चारी पाय उचलून बघितले, खुरावर दगड वाजवून बघितला. मग ते सरळ झाले आणि त्यांनी चाचांकडं बघितलं.

"काय घातलं हो हिला?"

"घर घातलं," चाचा म्हणाले.

मामांना काही कळलं नाही, पण ते शब्दाचे पक्के होते. त्यांनी सगळ्या गावादेखत गोंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गोंदा, आजपासून पाखरी तुझी."

गोंदानं दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. पाखरीनं त्याच्या कानात फुंकर मारली.

शिवेवर आपट्याचं झाड होतं. लोक पानं तोडून एकमेकांना द्यायला लागले. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. गोंदानंही एक डहाळी घेतली होती, पण ती पाखरीनं कधीच खाल्ली होती. अनोळखी चारदोन माणसं आली आणि म्हणाली, "सोनं द्या की." गोंदा म्हणाला, "परक्याला काडी देत नाही." ती माणसं पुढं गेली.

मग मामा आले. त्यांच्या हातात आपट्याची पानं होती. हसत हसत त्यांनी ती गोंदाच्या हातात दिली आणि म्हणाले, "सोनं घे भाच्या. आणि मला नाही का देणार?"

गोंदानं मामांकडं बघितलं. हे तर आपलं माणूस, आईचा सख्खा भाऊ. इथं हात आखडायचा नाही. गोंदानं हातात बघितलं. मामांनी दिलेली पानं पाखरीनं त्याच्या हातातनं उचलून तोंडात घातली होती. हातात दोर तेवढा होता.

त्यानं दोर मामांच्या हातात दिला आणि वाकून पाया पडला.

"सोनं घ्या मामा. सोन्यासारखं राहा."

 मामा दोराकडं बघत राहिले.

"अरे, ही तुझी घोडी. आत्ता दिली तुला."

"म्हणूनच देता आली," गोंदा म्हणाला. "आधी कुठनं दिली असती?"

"घे बाबा परत."

"दसऱ्याचं सोनं कुणी परत घेतं का मामा?"

मामांनी विचार केला. ते व्यवहारी माणूस होते. त्यांनी दोर पुढं केला आणि म्हणाले, "बरं. मग हे माझ्याकडनं सोनं समज. सोनं घे, सोन्यासारखा राहा."

गोंदानं दोर घेतला, कपाळाला लावला. त्याचे डोळे भरून आले. मग तो म्हणाला, "मामा, तुम्ही दिलं. आता मी तुम्हाला द्यायचं राहिलं की." आणि त्यानं दोर मामांच्या हातात दिला.

मामांनी परत दिला. गोंदानं परत दिला. लोक आधी हसले, मग कंटाळले, मग एकेक करून घरी गेले. सोपानकाका मात्र थांबले. ते एका दगडावर बसून बघत होते. फार दिवसांनी त्यांच्या घरचं काही जात नव्हतं. दिवस कलला तरी मामा-भाच्यांचं सोनं देणं संपेना. मामांना वाकून वाकून नमस्कार घ्यावा लागत होता आणि गोंदाला वाकून वाकून करावा लागत होता. पाखरी मध्ये उभी राहून आपट्याचं झाड बघत होती.

शेवटी हौसा पुढं आली. दोर त्या घटकेला गोंदाच्या हातात होता.

"अवं," ती म्हणाली, "मला न्हाई का सोनं?"

गोंदा थबकला. "तू परकी की आपली?"

"लगीन लावून आणलेली कोण असती?"

"आपली," गोंदा म्हणाला, आणि त्यानं हात आखडला नाही. दोर हौसाच्या हातात दिला.

हौसानं दोर घेतला. परत काही दिलं नाही. पाखरीच्या मानेवर थाप मारून ती सरळ घराच्या वाटेला लागली. टक, टक, टक, टक आवाज लांब लांब गेला.

मामा मटकन खाली बसले. "अरे गोंद्या, मिळालेली घोडी घालवलीस की."

"असू द्या मामा," गोंदा म्हणाला. "गेली, पण चांगल्या घरी पडली. बाई कष्टाळू हाय." तो थोडा वेळ वाटेकडं बघत राहिला. "एकच घोर लागून राहिलाय. तिकडं तिच्या खाण्याचं कोण बघणार?"

आणि तो उठला.

अंधार पडताना तो घरापाशी पोचला. पण आत गेला नाही. घोडी आता बाईंची, दार बाईंचं. तो अंगणात उभा राहिला, हात जोडले आणि खाकरला.

"बाई," तो म्हणाला, "घोडीला गडी ठेवायचा हाय का? मला तिच्या खाण्यापिण्याचं थोडंफार कळतं."

आत हौसा पाखरीपुढं गवत टाकत होती. तिचा हात थांबला. 

"या आधी कुठं कामाला व्हता?" तिनं विचारलं.

गोंदानं आठवून बघितलं.

"हितंच," तो म्हणाला.